आमच्याकडे हॉर्न वाजवत नाहीत

"अहो बाई, ओला आहे! पट्टा ओला आहे!"

पट्टेवाल्याच्या तोंडून शब्द बाहेर पडेपर्यंत गाडी पट्ट्यावरून पार झालीही होती. नुकत्याच मारलेल्या रेघेची कड फिसकटली आणि पुढे काळ्या रस्त्यावर पांढरे ठसे उमटत गेले, पिठात पाय बुडवून कुणी चालत गेल्यासारखे. गाडीतल्या बाईंनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन, आणि डोळे फोनमध्ये.

रस्त्याच्या वरच्या टोकाला लाल झेंडा घेऊन उभा असलेला झेंडू तिथूनच म्हणाला, "मी झेंडा हलवला, हात हलवले. आता फक्त नाचायचा बाकी होतो, भाऊजी."

"नंबर बघितलास?"

"शहराचाच."

"वाटलंच," पट्टेवाला म्हणाला आणि पत्र्याच्या तुकड्याने फिसकटलेला रंग खरवडायला उकिडवा बसला.

रस्त्यांवर पांढरे पट्टे मारण्यात त्याची हयात गेली होती. टेंपोवरच्या टाकीत रंगाची पावडर उकळायची, पातळ झाली की हातगाडीसारख्या यंत्रात ओतायची आणि खडूच्या दोरीने आखलेल्या खुणेवरून ते यंत्र एका चालीने ढकलत न्यायचं. रंग कढत असतो, अंगावर उडाला तर कातडी घेऊनच निघतो. तेव्हा मागून येणाऱ्या गाड्यांना कुणीतरी आवरून धरावं लागतं. ते काम त्याच्या धाकट्या मेहुण्याचं. हातात कायम झेंडा, म्हणून त्याचं नाव पडलं झेंडू, आणि खरं नाव आता घरातसुद्धा कुणाच्या तोंडात राहिलं नव्हतं.

पट्टेवाल्याच्या नावाचीही एक गंमतच होती. लग्न जुळवणाऱ्याने सासऱ्यांना सांगितलं, मुलगा पट्टेवाला आहे, सरकारी कामावर. सासऱ्यांना वाटलं, साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसत असेल, वर पंखा असेल, पुढे पेन्शन असेल. खरा प्रकार कळेपर्यंत पत्रिका छापून झाल्या होत्या. सासरे शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मला पट्टेवाला सांगितला होता, पट्टे मारणारा नव्हता सांगितला." ते गेल्यावर झेंडू बहिणीकडेच राहायला आला. लग्नासाठी मुली बघत होता. मग मुलींनीच कंटाळून आपापली लग्नं उरकली, असं तो स्वतःच सांगायचा.

कामाच्या निमित्ताने दोघांनी मिळून बराच मुलूख पाहिला होता. आणि पट्टेवाल्याने, रिकामपणी म्हणा किंवा रागाने म्हणा, गाडीवाल्यांची एक वंशावळच तयार केली होती. नंबरप्लेटवरची पहिली अक्षरं वाचली की तो त्या माणसाचं सगळं कूळ सांगायचा.

समुद्राकडचे लोक म्हणजे सावकाश. रंग वाळेल, पण गाडी पुढे जाणार नाही. समोरून ओळखीचा आला की दोघं भर रस्त्यात गाड्या थांबवणार, काचा खाली करणार आणि कुणाच्या तरी गुडघेदुखीपासून सुरुवात करणार. सपाटीकडचे म्हणजे हॉर्न. पुढे कुणी असो नसो, हॉर्न. शहरातले तर तुमच्याकडे बघतच नाहीत. शिवी देतानासुद्धा त्यांची नजर दुसरीकडे असते.

"आणि डोंगराकडचे?" झेंडू मुद्दाम विचारायचा, कारण पट्टेवाला डोंगराकडचा होता.

"डोंगराकडे गाडी चालवतात. बाकीचे नुसती पळवतात. चढणीवरून कुणी येत असेल तर उतरणारा थांबतो. सांगावं लागत नाही. आमच्याकडे हॉर्न वळणावर वाजवतात, माणसावर वाजवत नाहीत."

"तुमच्याकडे वाजवायला माणसं आहेत कुठे?" झेंडू म्हणायचा. तो सपाटीकडचा. "आमच्याकडे हॉर्न म्हणजे रामराम असतो, भाऊजी. येतोय बरं का, एवढंच सांगतो माणूस."

"रामराम करायला एवढं बोंबलावं लागतं?"

टेंपोवाला हे सगळं ऐकून नुसता हसायचा. तो कुठलाच नव्हता. त्याचा जन्मच म्हणे टेंपोत झाला होता.

हा वाद वर्षानुवर्षं चालला होता आणि दोघांनाही तो आवडायचा. पण अलीकडे पट्टेवाल्याचं हसणं आटत चाललं होतं. त्याला गाडीवाल्यांची शिसारी यायला लागली होती. राग येतो तेव्हा माणूस ओरडून मोकळा होतो. शिसारीचं तसं नसतं, ती घशात बसून राहते. एक जण मांडीवर डबा उघडून जेवत जेवत गाडी चालवत आला, स्टिअरिंग दोन्ही गुडघ्यांत धरलेलं. जेवण झालं तसा उरलेला रस्सा त्याने खिडकीतून ओल्या पट्ट्यावर ओतला आणि बोटं चाटत निघून गेला. दुसऱ्याने मांडीवर लेकरू घेतलं होतं आणि लेकराला दिसावं म्हणून फोन काचेसमोर धरला होता. बाप आणि लेकरू दोघं मिळून तो बघत होते. एक जण झेंडा पाहून थांबला. थांबला म्हणून झेंडूला बरं वाटलं, तर तो काच खाली करून पचकन त्याच्या बुटावर थुंकला.

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"

"बापाचा असता तर उन्हात कशाला उभा राहिलो असतो, साहेब?" झेंडू हसून म्हणाला. तो माणूस गेल्यावर त्याने बूट गवताला पुसला आणि पुन्हा झेंडा धरला.

पट्टेवाल्याला मात्र त्या रात्री घास गिळवेना. ताटातली भाजी बघितली की बुटावरची ती थुंकी दिसायची. बायको म्हणाली, "ज्याच्यावर थुंकलं तो दोनदा वाढून घेतोय. तुम्ही कशाला लोकांची घाण पोटात घेऊन येता?"

"आपण डोंगराकडे जाऊ," तो म्हणाला. "दोनेक वर्षं काढतो आणि सोडतो हे काम. दादाच्या शेजारी जागा आहे. तिथे माणसं माणसासारखी राहतात."

"आणि याला?"

"यालाही नेऊ. तिथे झेंडा धरायची गरजच पडणार नाही."

"मग मी करू काय? डोंगर मोजू?" झेंडूने विचारलं आणि तिसऱ्यांदा भात घेतला.

ते झालं त्या दिवशी काम शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर होतं. दुपार कलली होती. नजर जाईल तिथवर रस्ता सरळ, ना झाड आडवं, ना वळण. पट्टेवाला यंत्र ढकलत चालला होता, पाठ येणाऱ्या गाड्यांकडे. टेंपोवाला पुढे टाकीपाशी होता. मागे रस्त्यावर लाल शंकू ओळीने ठेवलेले आणि शंकू व पट्टेवाला यांच्या मध्ये, कडेला झेंडू.

पट्टेवाल्याने आधी शंकू उडाल्याचा आवाज ऐकला. एकामागून एक. मग झेंडूची हाक, "भाऊजी! बाजूला!" त्याने वळून पाहिलं. एक राखाडी गाडी शंकू उडवत सरळ येत होती. तिचा वेग कमी होत नव्हता आणि ती वळतही नव्हती. काचेआड एक तरुण चेहरा होता, खाली वाकलेला. हातातला फोन स्टिअरिंगला टेकवून तो अंगठ्याने काहीतरी लिहीत होता. एवढं पट्टेवाल्याने स्वच्छ पाहिलं. झेंडू रस्त्याच्या कडेला होता. एक उडी मारली असती तर खड्ड्यात पडून वाचला असता. पण तो पुढे धावून दोन्ही हातांनी झेंडा हलवत पट्टेवाल्याला हाका मारत राहिला. पट्टेवाल्याने यंत्र सोडून अंग बाजूला फेकलं. यंत्र उलटलं, कढत रंग रस्त्यावर पसरला.

ब्रेक लागला तो नंतर.

झेंडू रस्त्याच्या कडेला पडला होता. डोळे उघडे होते. उजवा पाय बघवत नव्हता. पट्टेवाल्याने गुडघे टेकून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि "काही नाही, काही नाही" असं म्हणत राहिला. टेंपोवाला धावत आला, त्याने कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळून बांधला.

राखाडी गाडीचं दार उघडलं. पंचविशीचा मुलगा उतरला, इस्त्रीचा शर्ट, चांगल्या घरचा. फोन आता कानाला होता.

"थांब, नंतर करतो फोन," तो म्हणाला. "इथे जरा काहीतरी झालंय."

जरा काहीतरी. मुलाने फोन खाली घेतला, पण खिशात ठेवला नाही. तो आधी गाडीच्या पुढच्या बाजूला गेला, वाकला, फुटलेला दिवा पाहिला, पत्र्याला लागलेला पांढरा रंग नखाने खरवडून पाहिला. मग इकडे आला.

"काका, खरंच दिसले नाहीत हो ते," तो म्हणाला. "माझं चुकलं असेल तर माफ करा."

अगदी अदबीने म्हणाला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आणि त्या बोलण्यातला हेल पट्टेवाल्याच्या ओळखीचा होता. तो त्याच्या दादाचा हेल होता, त्याच्या आईचा होता. त्याने मान वर करून नंबरप्लेट पाहिली.

गाडी डोंगराकडची होती.

तोवर मागे गाड्यांची रांग लागली. दोघं-तिघं काचा खाली करून फोनवर चित्रण करत होते. एकाने तर नीट दिसावं म्हणून गाडी थोडी पुढे घेतली. कुणीतरी ओरडलं, "बाजूला घ्या ना त्याला, आम्ही किती वेळ थांबायचं?" पट्टेवाल्याला वाटलं, उरलेला कढत रंग उचलून त्या काचेतून आत ओतावा. पण मांडीवर झेंडूचं डोकं होतं.

रांगेतून भाजीचा एक लहान ट्रक कडेच्या मातीत उतरून पुढे आला आणि रस्त्यात आडवा उभा राहिला. ट्रकवाला उतरला, टेंपोच्या मागची पोती त्याने एकट्याने खाली फेकली आणि म्हणाला, "उचला. मी पुढे होतो, तुम्ही माझ्या मागे राहा. अंतर पडू देऊ नका."

मग तो हॉर्नवर हात ठेवून जो निघाला, तो इस्पितळाच्या दारापर्यंत त्याने हात काढला नाही. चौक, सिग्नल, बाजार, सगळीकडे तो एकच लांब, कानठळ्या बसवणारा आवाज. शहरातल्या गाड्या दचकून बाजूला होत गेल्या. टेंपोच्या मागे झेंडूला धरून बसलेल्या पट्टेवाल्याला पुढचा ट्रक दिसत होता. त्याचा नंबर सपाटीकडचा होता.

इस्पितळाच्या दारात ट्रकवाल्याने स्ट्रेचर ओढून आणलं, आत पोहोचवलं आणि "भाजी सुकेल, येतो मी" म्हणून गेला. त्याचं नावही कुणी विचारलं नाही.

बायको आली तेव्हा झेंडूला आत नेलं होतं. ती बाकावर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि पहिला प्रश्न तिने तोच विचारला.

"कुठली गाडी होती?"

"गडबडीत बघितली नाही."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही? तुम्ही नंबर बघितला नाही?"

"नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात आपण इतकं उघडं खोटं कधी बोललो नव्हतो, हे त्याला कळत होतं, आणि तिलाही कळलं आहे हेही कळत होतं.

पाय वाचला नाही. गुडघ्याच्या खालून काढावा लागला. तिसऱ्या दिवशी झेंडू नीट शुद्धीवर आला. पांघरुणाच्या उजव्या बाजूला जिथे उंचवटा असायला हवा तिथे सपाट होतं. त्याने तिकडे एकदा पाहिलं, मग बराच वेळ छताकडे. बहीण त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. पट्टेवाला पायथ्याशी उभा होता, आणि पायथ्याशी उभं राहणं बरं दिसत नाही असं वाटून पुन्हा पुन्हा बाजूला सरकत होता.

"भाऊजी," झेंडू म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "एक गोष्ट पटली तुमची."

"कुठली रे?"

"तुमच्याकडचे लोक खरंच हॉर्न वाजवत नाहीत." त्याने ओठ ओले केले. "आमच्याकडचा असता तर अर्ध्या मैलावरून बोंबलत आला असता. वाचलो असतो मी."

आणि तो हसला. हसताना दुखलं तसे डोळे गच्च मिटले, तरी हसला. बायकोने कपाळावरचा हात काढला नाही, फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

नंतर बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "तीन दिवस मला सांगितलं नाहीत."

"लाज वाटली."

"लाज त्याला वाटू दे. त्याची लाज तुम्ही कशाला अंगावर घेता? तुम्ही चालवत होता का गाडी?"

"मी आयुष्यभर सांगत आलो ना सगळ्यांना."

"सांगत आलात ते आम्ही ऐकत आलो. खरं कुणी धरलं होतं?" असं म्हणून ती आत गेली. त्याला ते लागलं. ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली होती, हे त्याला पुष्कळ उशिरा उमगलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील आले. सत्तरीला टेकलेले, स्वच्छ कपडे, हातात फळांची पिशवी. व्हरांड्यात पट्टेवाल्याला पाहताच उठून उभे राहिले आणि तो बसल्याशिवाय बसले नाहीत. आधी त्याच्या गावाची चौकशी केली. त्याच्या दादाला ते ओळखत होते, त्याच्या वडिलांच्या आजारपणात गाडी त्यांनीच दिली होती. हे त्यांनी उपकार म्हणून सांगितलं नाही. ओघात आलं तसं सांगितलं. आवाज मऊ, हात जोडलेले, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं आणि ते खोटं नव्हतं.

"तुमच्या माणसाचं सगळं आम्ही बघू," ते म्हणाले. "तो आमच्या घरचाच समजा. फक्त पोलीस विचारतील तेव्हा एक सांभाळून घ्या. फोनचं तेवढं बोलू नका. उन्हाने डोळे दिपले असतील, शंकू जरा पुढे-मागे असतील... असं होतंच की हो. पोराचं आयुष्य पडलंय पुढे. आपल्याकडचा पोर आहे."

पट्टेवाला त्यांच्याकडे बघत राहिला. ही अदब त्याच्या ओळखीची होती. हीच तो परमुलखात फिरताना छातीशी धरून होता. उतरणारा थांबतो, चढणाऱ्याला वाट देतो, सांगावं लागत नाही. आणि आता तीच अदब फळांची पिशवी घेऊन त्याच्यासमोर बसली होती आणि मऊ आवाजात खोटं बोलायला सांगत होती. बुटावर थुंकणारा तो माणूस निदान थुंकून निघून तरी गेला होता.

"तुमच्या मुलाने आत येऊन त्याला बघितलं का?" पट्टेवाल्याने विचारलं.

"त्याला फार धक्का बसलाय. झोप नाही त्याला."

"गाडीतून उतरला तेव्हा त्याने मला काका म्हटलं. माफी मागितली. फार नीट बोलला. तेव्हासुद्धा फोन हातातच होता त्याच्या. तो नाही सुटला हातातून."

"माणूस घाबरतो..."

"तुम्ही आता जा. पिशवी घेऊन जा."

वडील उठले. जातानासुद्धा त्यांनी नमस्कार केला. पट्टेवाल्याचे हात आपसूक जोडले गेले होते. ते त्याने सोडवून खाली घेतले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दादाने इकडचं तिकडचं विचारलं, झेंडूला बरं वाटतंय का विचारलं, आणि मग म्हणाला, "त्यांना रिकाम्या हाताने पाठवलंस म्हणे. अरे, आपल्याला गावात राहायचंय. उद्या तूही येणार आहेस ना इकडे? माणसं जोडावी लागतात."

"दादा, त्याचा पाय गेला."

"गेलेला पाय परत येणार आहे का? मग पोराचंही कशाला घालवतोस?"

"मी काही घालवत नाही. मी जे बघितलं ते सांगणार."

"शेवटी सासरचाच झालास," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

जबाब घ्यायला आलेली पोलीस तरुण होती. ती सारखी जांभया दाबत होती; सकाळपासूनचा तिचा हा कितवा अपघात, देव जाणे. "फोन होता, असं तुमचं म्हणणं," ती लिहिता लिहिता म्हणाली. "इतक्या लांबून नक्की दिसला?"

"दिसला. स्टिअरिंगला टेकवून धरला होता. अंगठा हलत होता."

"त्यांचं म्हणणं आहे, ऊन डोळ्यांवर होतं."

"ऊन त्याच्या पाठीमागे होतं. माझ्या डोळ्यांवर होतं. तरी मला दिसला."

तिने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "सही करा," ती म्हणाली. "कोर्टात बोलवतील. वेळ लागेल, पण बोलवतील. तेव्हा फिरू नका."

"फिरणार नाही."

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. पट्टेवाल्यानेही केला नाही. एरवी दोघं दर रविवारी बोलायचे; तो रविवारची वाट बघायचा आणि रविवार आला की फोन उचलून पुन्हा ठेवायचा. बायकोने एकदा भांडी घासता घासता विचारलं, "मग तिकडची जागा?" तो म्हणाला, "राहू दे." तिने पुढे विचारलं नाही. त्याला मात्र वाटत राहिलं, की तिने विचारावं, भांडावं, म्हणजे आपल्याला तरी कळेल नेमकं काय गेलं ते. गेलेली वस्तू दाखवता येत नव्हती. तिकडे घर नव्हतं, शेत नव्हतं. या परक्या रस्त्यांवर चाळीस उन्हाळे ज्याच्या जोरावर काढले ती एक समजूत होती, आणि ती त्या सरळ रस्त्यावर फुटलेल्या दिव्याच्या काचांबरोबर पडून राहिली होती.

झेंडूला घरी सोडलं त्या दिवशी टेंपोवाल्याने टेंपो धुऊन आणला होता, पुढच्या सीटवर उशी टाकली होती. घराची गल्ली अरुंद. एक वाहन थांबलं की मागच्याला पुढे जायला वाट नाही. टेंपो दारासमोर उभा राहिला तशी मागे एक गाडी येऊन थांबली, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. पहिला हॉर्न वाजला तेव्हा झेंडू अजून टेंपोतच होता.

"उचलून घेऊ का रे?" पट्टेवाल्याने विचारलं.

"नको. मला उतरू द्या." झेंडूच्या कपाळावर घाम आला होता. "कुबडी द्या आधी. ती नाही, डावी. भाऊजी, मी काय रंगाचं पोतं आहे का? धरू नका, नुसते शेजारी राहा."

मागे हॉर्न वाजतच राहिले. एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय बारसं आहे का? हलवा की ते!" टेंपोवाला खाली मान घालून दाराला धरून उभा राहिला. पट्टेवाला वळणार तेवढ्यात त्याने पाहिलं, बायको टेंपोतून उतरून मागे गेली होती. इस्पितळातल्या सामानाची पिशवी तिच्या हातात होती. ती पहिल्या गाडीच्या समोर, अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

तिने हात वर केला नाही की तोंडातून शब्द काढला नाही. गाडीवाला फोनमध्ये बघत बघत एका हाताने हॉर्न दाबत होता. समोर कुणी उभं आहे, हे त्याला कळायलाच थोडा वेळ गेला. मग त्याने मान वर केली. पुन्हा हॉर्न दाबला. ती काचेतून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने आणखी एकदा दाबला, पण अर्धवटच, आणि मग हात खाली घेतला. मागचेही एकेक करून गप्प झाले.

दाराला तीन पायऱ्या होत्या. झेंडू पहिलीवर चढला, थांबला, श्वास घेतला. दुसरीवर कुबडी घसरली, तसा पट्टेवाल्याचा हात पुढे झाला आणि अर्ध्यातच थांबला. झेंडूने कुबडी पुन्हा नीट टेकवली. तिसरी पायरी चढायला त्याला फार वेळ लागला. गल्लीत इंजिनांची घरघर तेवढी होती. मग तो उंबरठ्याच्या आत गेला, त्याच्या मागे पट्टेवाला गेला.

बायको तिथेच उभी होती. आतून खाट करकरल्याचा आवाज आला, भाऊ बसला हे तिने ऐकलं, आणि मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ती रस्त्यातून बाजूला झाली.